वेताळाच्या मागे वाजणारं गाणं

१९८३ सालचा 'हीरो' हा सिनेमा मी आजवर सलग पाहिलेला नाही. तरी त्यातली बासरीची धून कुठं वाजली की मी हातातलं काम सोडून थांबतो. ती अजून वाजते. कुणाची तरी रिंगटोन असते, वरातीतल्या बेंजोवाल्यांना ती तोंडपाठ असते, आणि दर काही महिन्यांनी रीलवर कुणाला तरी ती नव्याने सापडते. बाकीच्यांना तिच्यावर जॅकी श्रॉफ आठवतो. मला वेताळ आठवतो. जांभळ्या कपड्यांतला, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला, बोटात कवटीची अंगठी घातलेला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. त्याच्या पाठोपाठ स्वस्त छपाईच्या शाईचा वास येतो, बाकड्याची टोचणारी कड येते, आणि दुकानाच्या पत्र्याखालचा तो उकाडा.

मूळ इंग्रजी कॉमिक्समध्ये वेताळाच्या पांढऱ्या घोड्याचं नाव 'हीरो' आहे. पण हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा या जोडणीत काही गूढ संकेत शोधायची सोय नाही. धून आणि वेताळ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. दोघं एका दुकानात होते, एवढंच.

ज्यांनी इंद्रजाल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४ साली ही कॉमिक्स सुरू केली आणि १९९० साली बंद केली. मधल्या काळात ८०३ अंक निघाले, इंग्रजीत, हिंदीत, मराठीत आणि आणखी काही भाषांत. त्यांतले निम्म्याहून जास्त 'फँटम'चे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी निर्माण केलेला हा नायक. मराठीत त्याचं बारसं 'वेताळ' म्हणून झालं. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याला माणसं कळत होती. इंग्रजीत फँटमला 'चालणारं भूत' म्हणतात, आणि आमच्याकडे रात्री गावाच्या शिवेवरून चालणारा वेताळ आधीच होता. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथं लोक देवाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण रात्रभर फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. अमेरिकेतून आलेल्या भुताला चालायला वाट अगोदरच तयार होती.

सापगाव भातसेच्या काठी आहे, शहापूरच्या बाजारपेठेपासून सायकलच्या अंतरावर. १९८५-८६च्या सुमारास या बाजारपेठेत एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. 'भरून देणं' हा शब्दप्रयोग आता गेला. कोरी कॅसेट घेऊन जायची, सोबत हव्या त्या गाण्यांची वहीच्या कागदावर लिहिलेली यादी द्यायची, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. साठ मिनिटांची कॅसेट असली तर एका बाजूला अर्धा तास. आता गाणं पाठवायला क्षणभर लागतो, तेव्हा भरायला गाण्याइतकाच वेळ लागायचा. म्हणजे एका डेकवर ते पूर्ण वाजणार, दुसऱ्या डेकवर पूर्ण उतरणार. दुकानदार आवाज बंद ठेवून भरू शकला असता, पण मग गिऱ्हाईक कसं थांबणार? त्यामुळे दुकान दिवसभर वाजत असे. त्या वर्षी ज्या गाण्याला मागणी, ते गाणं दिवसातून दहा वेळा.

याच दुकानात सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स टांगलेली असत. घरी नेलं तर जास्त पैसे, तिथंच बाकड्यावर बसून वाचलं तर चार आणे. आम्ही अर्थातच बाकड्यावरचे.

आम्ही म्हणजे मी आणि नदीपलीकडच्या कातकरवाडीतला माझा एक मित्र. तो तिसरीपर्यंत माझ्या वर्गात होता. नंतर त्याचं नाव पटावर होतं, तो नव्हता. त्याला अक्षरं लागायची, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. दुकानदार पैसे कॉमिक्सचे घ्यायचा, डोळ्यांचे नाही. म्हणून चार आण्यांत दोघांचं वाचन व्हायचं. मी मोठ्याने वाचायचो, तो चित्रं बघत ऐकायचा. वर गाणं चालू असल्यामुळे मला ओरडून वाचावं लागे. दोन गाण्यांच्या मध्ये डेकचं बटण खट्कन वर यायचं, तेव्हा अचानक सगळ्या दुकानात माझाच आवाज घुमायचा. वेताळ कुणाला तरी ठोसा मारतोय आणि मी त्या शांततेत 'धाड' म्हणून किंचाळलोय, असं एकदा झालं. दुकानदार हसला नाही, पण त्याने पुढचं गाणं लावायला जरा वेळ घेतला.

कॉमिक्सला आवाज नसतो, हे त्या काळी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सिनेमाला स्वतःचं संगीत असतं. पाठ्यपुस्तकाला निदान बाईंचा आवाज असतो. कॉमिक्स मुकी असतात. 'धाड', 'सट्' ही अक्षरं चित्रातच काढलेली असतात, आणि एका चौकटीतून दुसरीत जाताना मधली पांढरी पट्टी वाचणाऱ्याने स्वतः भरायची असते. त्या रिकाम्या पट्टीत जे मिळेल ते जाऊन बसतं. माझ्या बाबतीत तिथं लक्ष्मीकांत-प्यारेलाल जाऊन बसले. माझ्या ओळखीतल्या एका पोरीच्या बाबतीत, ती आता तुमच्याच वयाची आहे, जपानी मांगाच्या मागे आईने संध्याकाळी मोबाइलवर लावलेला हरिपाठ बसलाय. तिला हरिपाठ ऐकला की तलवारी दिसतात. ती हे लाजत सांगते. लाजण्यासारखं काय आहे त्यात?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या शेवटी अशा जोडण्यांबद्दल एक किस्सा लिहून ठेवलाय. एक तरुण नाच शिकला. ज्या खोलीत तो शिकला तिथं एक जुनी ट्रंक पडलेली होती. पुढं तो उत्तम नाचायचा, पण खोलीत तीच ट्रंक किंवा तसलीच दुसरी ट्रंक जागेवर असेल तरच. लॉकला हा मनाचा आजारच वाटत होता. कल्पना एकमेकींना तर्काने जोडलेल्या असाव्यात, शेजाराने नव्हे, असं त्याचं म्हणणं. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या माणसाला दोष देत नाही, पण ट्रंकवाल्या त्या पोराबद्दल मला कायम आपुलकी वाटत आली आहे. त्याच्या जागी आपण सगळेच आहोत, फक्त आपापल्या ट्रंका वेगळ्या. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवर एक प्रयोग केला. काही शब्द त्यांनी पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. जे पाण्याखाली पाठ केले ते पाण्याखाली जास्त आठवले, जे कोरड्यावर केले ते कोरड्यावर. भातसेत बुडी मारून पाढे पाठ केले असते तर परीक्षाही डोहातच द्यावी लागली असती.

इथपर्यंत सगळं गोड आहे. गाणं वाजतं, कॉमिक्स आठवतं, डोळे ओलावतात, आपण व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवतो. मला जो प्रश्न पडतो तो याच्या पुढचा आहे. गाण्याने परत आणलेली ही आठवण नेमकी कुणाची असते? आणि तिच्या गोडीवर विश्वास ठेवायचा का?

आधी वेताळाकडेच बघू. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून एक गोरा दर्यावर्दी जंगलाच्या किनाऱ्याला लागतो. तिथले बुटके, विषारी बाण मारणारे बांदार लोक त्याला वाचवतात. तो त्यांना गुलामीतून सोडवतो, आणि तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या त्याचे वंशज तोच मुखवटा चढवून त्या जंगलाची राखण करतात. जंगलातले लोक त्याला अमर मानतात, आणि तोही तसं मानू देतो. गोष्ट घडते त्या देशाचं मूळ नाव बंगालशी जुळणारं होतं. आपल्याकडे कुणाला लागू नये म्हणून इंद्रजालने ते 'डेंकाली' करून टाकलं. चाच्यांची टोळी मुळात 'सिंग' होती, ती 'सिंगा' झाली. म्हणजे संपादकांना टोचणाऱ्या जागा दिसत होत्या. एका गोऱ्या माणसाशिवाय जंगलातल्या लोकांचं पान हलत नाही, ही जागा मात्र तशीच राहिली. ती बदलली असती तर वेताळच उरला नसता.

चिलीमध्ये १९७१ साली एरियल डॉर्फमन आणि आर्मां मातेलार यांनी डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर एक पुस्तक लिहिलं. निरागस बदकांच्या गोष्टींमधून श्रीमंत देशांची नजर गरीब देशांतल्या पोरांच्या डोळ्यांत कशी बसवली जाते, हे त्यांनी चौकट-चौकट दाखवलं. १९७३च्या लष्करी उठावानंतर ते पुस्तक जाळलं गेलं. मी ते वाचलं तेव्हा मला लगेच बाकड्यावरचा मित्र आठवला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारदप्तरी 'आदिम' म्हणून नोंदलेल्या आहेत. अशा 'आदिम' घरातलं पोर, जंगलातल्या लोकांचा मालक गोरा असतो अशी गोष्ट ऐकतंय, आणि ऐकवतोय मी. 'हीरो'ची बासरी या सगळ्यावर मध ओततेय. गाणं आठवण आणतं खरं, पण ती धुऊन, इस्त्री करून आणतं, असा माझा निष्कर्ष जवळजवळ झाला होता.

दोन गोष्टींनी तो तिथंच अडवला.

पहिली लांबची. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी खोऱ्यातले लोक लढाईसाठी मोठ्या ढाली वापरतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिथं पुन्हा टोळ्यांच्या लढाया पेटल्या, तेव्हा कित्येकांनी आपल्या ढालींवर फँटम रंगवून घेतला. त्या ढाली आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. मरत नाही असा माणूस आपल्या ढालीवर असावा, एवढा सरळ विचार. गोऱ्या मालकाची गोष्ट म्हणून जे त्यांच्याकडे पाठवलं गेलं होतं, त्यातून त्यांनी मालक बाजूला काढला आणि मरण न येणं तेवढं घेतलं.

दुसरी जवळची. तीन वर्षांपूर्वी शहापूर-मुरबाड रस्त्यावर टमटममध्ये तो मित्र भेटला. अधूनमधून भेट होतेच, पण त्या दिवशी ड्रायव्हरचा फोन वाजला आणि रिंगटोन होती तीच बासरी. मी हसून त्याच्याकडे बघितलं. तो हसला नाही.

"ही वाजली ना, की मला थंडी भरते," तो म्हणाला.

"का रे?"

"भट्टीवर न्यायला टेम्पो यायचा, त्यात हीच कॅसेट. दिवाळी झाली की पहाटेचा यायचा. आम्ही मागे, भांड्यांवर बसून. कोंबड्या पायाशी. ड्रायव्हर ही लावायचा झोप येऊ नये म्हणून."

शहापूर-मुरबाडकडच्या वाचकाला पुढचं सांगायला नको, पण बाकीच्यांना कदाचित माहीत नसेल. पावसाळ्यात शेतावरची कामं संपली की हाताला काम नसतं. वीटभट्टीचा मालक मुकादमामार्फत बयाणा देतो. घरात आजारपण, लग्न, नाहीतर नुसती चूल असते, त्यामुळे तो घ्यावाच लागतो. मग दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातं ते पाऊस तोंडावर आला की परततं. हिशेबात बयाणा फिटतोच असं नाही. उरलेला पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. आबिद सुरतींचा 'बहादूर' हा अस्सल भारतीय नायक इंद्रजालमध्ये आला तोही १९७६मध्येच. चंबळच्या डाकूंशी त्याने अनेक अंक मारामारी केली. वीटभट्टीवर आल्याचं माझ्या वाचनात तरी नाही.

माझा मित्र पटावर होता आणि वर्गात नव्हता, त्याचं कारण हे. भट्टीवर लहान पोरांना कच्च्या विटा पलटण्याचं काम असतं. एक बाजू सुकली की दुसरी उन्हाला करायची. पोरांचं वजन कमी असतं, ओल्या विटांच्या ओळींमधून ती चालली तर नुकसान होत नाही.

मी त्याला विचारलं, "मग वेताळ? तो आठवतो का नाही?"

"न आठवायला काय झालं."

"आवडायचा तुला?"

तो माझ्याकडे जरा चमकूनच बघायला लागला. "आवडायचा म्हणजे? अरे, त्याला मुकादम नव्हता ना."

मी डॉर्फमन वगैरे नावं घेतली नाहीत, पण थोडक्यात सांगितलं की वेताळ गोरा होता आणि जंगलातल्या काळ्या लोकांवर राज्य करायचा, हे आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं. तो म्हणाला, "तोंडावर पट्टी, अंगभर जांभळा. गोरा दिसायला जागा कुठं होती?" मग थोड्या वेळाने, "अन् तो जंगल सोडून जात नव्हता. त्याला कोण न्यायलाच येत नव्हतं."

म्हणजे एकाच बाकड्यावर, एकाच अंकात, आम्ही दोन वेगळे वेताळ बघत होतो. माझा वेताळ ठोसे मारणारा होता. त्याचा वेताळ जागेवरून न हलणारा होता. कॉमिक्सवरची टीका मी मागे घेत नाही. गोऱ्या तारणहाराची ती गोष्ट आजही मला तशीच दिसते, आणि माझ्या मुलीला ती वाचायला देताना मी ते बोलतो. पण टीका कॉमिक्सची झाली, वाचणाऱ्याची नाही. वाचणारा पोर त्यातून काय उचलतं हे पान बघून कळत नाही, त्या पोराला विचारावं लागतं. आणि ते पोर आता चाळिशी ओलांडून टमटममध्ये आपल्या शेजारी बसलेलं असू शकतं.

गाण्याचंही तेच. ती बासरी मला उकाड्यातलं बाकडं देते आणि त्याला पहाटेची थंडी. धून तीच, वर्षंही तीच. माझ्यापुरती आठवण पूर्ण होती. तिच्यात मित्र होता, चित्रं बघत होता, हसत होता. दिवाळीनंतर तो नव्हता, ही गोष्ट माझ्या आठवणीत होती का? होती, पण गैरहजेरीला आवाज नसतो, तिच्यावर गाणं चिकटत नाही. ज्या दिवशी तो बाकड्यावर नव्हता त्या दिवशीही दुकानात बासरी वाजतच होती आणि मी वाचतच होतो.

अशा वेळी मला कालिदास आठवतो, आणि तो माझा आवडता मार्ग नव्हे, संस्कृतात मी कच्चाच. पण 'शाकुंतल' मराठी माणसाला कुठून ना कुठून भेटतंच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचं 'संगीत शाकुंतल' केलं आणि आपल्या संगीत नाटकाची गाडी तिथून धावू लागली. मूळ नाटकाच्या पाचव्या अंकाची सुरुवात एका गाण्याने होते. दुष्यंत राजवाड्यात बसलाय. दुर्वासाच्या शापामुळे शकुंतला त्याच्या मनातून पुसली गेलीय. आतल्या संगीतशाळेत हंसपदिका गातेय. एकेकाळी राजाचं तिच्यावर प्रेम होतं, आता तो फिरकत नाही. गाण्यात ती एका भुंग्याला विचारते की कमळात जाऊन बसल्यावर आंब्याचा मोहोर विसरलास कसा. टोमणा सरळ आहे आणि राजाला तो कळतोही. तो काय करतो? स्वतः उठत नाही. विदूषकाला पाठवतो, जा, तिला सांग की टोमणा पोचला.

मग एकटा बसल्यावर त्याला कसलीशी हुरहूर लागते. जवळचं कुणी दुरावलेलं नाही, मग हे काय होतंय? त्यावर त्याला सुचणारं उत्तर फार सुंदर आहे. गोड काही ऐकलं की सुखी माणूसही बेचैन होतो, कारण त्याच्या मनात मागच्या जन्मांतली प्रेमं नकळत जागी होतात, असं तो म्हणतो. रसिक या जागेवर शेकडो वर्षं मान डोलावत आलेत. पण नाटक तिथं थांबत नाही. पुढच्याच प्रसंगात कण्वाच्या आश्रमातली माणसं शकुंतलेला घेऊन दारात येतात. ती गरोदर आहे. आणि हाच हळवा राजा तिला सगळ्यांदेखत नाकारतो.

शाप होता, त्याचा दोष नाही, असं कालिदास आपल्याला सांगून ठेवतो. ठीक. मला त्या राजाच्या विसरण्यापेक्षा त्याचं स्पष्टीकरण जास्त खुपतं. हुरहूर याच जन्मातली होती, अलीकडचीच होती, आणि ती जिच्यामुळे होती ती बाई वाटेवर होती. त्याने ती मागच्या जन्मावर ढकलली. मागच्या जन्मातल्या माणसांना भेटायला जावं लागत नाही. त्यांचं काही देणं उरत नाही. नुसतं हळवं होऊन भागतं.

बालपणाचं आपण हेच करतो. आमच्या पिढीला त्याची फारच खोड आहे, तुमची आमच्या वाटेवर आहे. गाण्यांच्या ॲपवर ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाण्यांच्या तयार याद्या असतात, त्यांच्या चित्रावर हमखास कॅसेट किंवा सायकल असते. यूट्यूबवर जुन्या गाण्याखाली हजारो लोक लिहितात की ते दिवस परत येणार नाहीत. लिहिणारा जणू मागच्या जन्माबद्दल लिहितोय. पण ते दिवस ज्यांच्याबरोबर घालवले त्यांतले बरेच लोक जिवंत असतात, नदीच्या पलीकडे असतात, आणि त्यांच्या नंबरावर फोन लागतो. ज्या परिस्थितीने कुणाला तरी बाकड्यावरून उठवून नेलं, तीही मागच्या जन्मात राहिलेली नसते. दिवाळीनंतर आजही टेम्पो येतात. पहाटे लावायला आता पेन ड्राइव्ह असतो.

कुणी म्हणेल, एवढं ओझं एका धुनीवर कशाला? माणसाला दोन मिनिटं बरं वाटू दे की. वाटू दे. मी अजूनही ती धून वाजली की थांबतो आणि मला बरं वाटतं, ते बंद व्हावं अशी माझी इच्छा नाही. होणारही नाही. ट्रंक बघितल्यावर पाय थिरकणारच. गोडी खोटी आहे असंही मी म्हणत नाही. चार आण्यांतला तो आनंद खरा होता, दोघांचाही, हे मित्राच्या बोलण्यावरूनच कळतं. फरक पडतो तो हुरहूर लागल्यावर आपण विदूषकाला पाठवतो की स्वतः उठतो यात. आठवण माझ्या डोक्यात असली तरी ती एकट्याची मालमत्ता नव्हे. तिच्यात दुसरं कुणी बसलेलं असेल तर तिचा निम्मा भाग त्याच्याकडे आहे, आणि तो निम्मा भाग माझ्या भागाला छेद देणारा असू शकतो. गाणं हे सांगत नाही. त्याला फक्त माझी बाजू वाजवता येते.

म्हणून त्या टमटमच्या प्रवासानंतर मी एका रविवारी वाडीवर गेलो. काही मोठं करायला नव्हे. त्याने उतरताना एक गोष्ट विचारली होती, ती डोक्यात राहिली होती. दोन अंकांत विभागलेली वेताळाची एक गोष्ट आम्ही वाचत होतो. पहिला अंक झाला आणि दिवाळी आली. दुसरा त्याने ऐकलाच नाही. परतल्यावर पावसाळ्यात दुकानदाराकडे तो अंक नव्हता, कुणीतरी घरी नेऊन परत केला नव्हता. "शेवटी काय झालं त्याचं?" असं तो विचारत होता, पस्तीसेक वर्षांनी. मला शेवट आठवत नव्हता. बासरी मला मुखपृष्ठ देत होती, अंगठी देत होती, शेवट देत नव्हती.

मराठी अंक काही मिळाला नाही. जुन्या अंकांच्या छायाप्रती जमवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे इंग्रजी सापडला. तो फोनवर उघडून त्याच्या ओट्यावर बसलो आणि मराठी करत करत वाचायला लागलो. त्याची नात मध्येच येऊन बसली. तिला चित्रं फार जुनाट वाटली आणि ती निघून गेली. आम्ही पुढं गेलो. आठ-दहा पानं झाली असतील, त्याने मला थांबवलं.

"नदी कुठंय?"

"कुठली नदी?"

"तो रात्री नदी उतरून येतो ना पोरांना सोडवायला. भातसा."

मी पानं मागे-पुढे केली. समुद्र होता, गुहा होती, धबधबा होता. नदी नव्हती. मी म्हटलं, "अरे, भातसा डेंकालीत कुठून येणार? यात नाहीच ती."

"तू वाचली होतीस," तो म्हणाला. "गाणं संपलं होतं, तेव्हा नीट ऐकू आलं होतं मला."